बंद म्हणजे काय बंद

पुस्तिका सोळा पानांची.
पाणीपुरवठ्याचं अ‍ॅप कसं वापरावं.
नागपूरच्या कंपनीनं मजकूर धाडला,
मी त्यातलं मराठी नीट करायला बोरखडीला आले,
ग्रामपंचायतीच्या कूलरसमोर बसले
आणि सातव्या पानावर अडले.

'पान बंद करण्यासाठी बंद करा दाबा.'

शालिक इंगोले, गावाचा पाणीवाला,
यानं चैत्रात नेमकं तेच केलं होतं.
रात्री अकराला थ्री फेज आली,
खाटेवरूनच मोटर चालू केली,
हिरवी खूण पाहिली,
आता पडदा मिटावा म्हणून दाबलं बंद.
तिकडे दोन कोसांवर विहिरीत
मोटर गपगार.
सकाळी टाकीत वीतभर गाळ,
नळाखाली कोरडे गुंड,
आणि पंचफुलाबाईनं चौकात उभं राहून
त्याच्या सात पिढ्या काढल्या.

"म्या त मोबाइल बंद केल्ता, मॅडम.
मोटरीले कोनं हात लावला?"

खरंच होतं त्याचं.
आपल्या एका बंदात
दुकान, डोळे, बोलणं, शाळा, रस्ता सगळंच मावतं;
बंडीचे बंद तर वेगळेच,
ते बांधायचे असतात.

मग मी एकेक शब्द उचलून
टाकीपाशी नेऊन पाहिला.
'सोडा.' कंपनीला म्हणायचं होतं, बाहेर या.
शालिक म्हणाला, "कोन्या वार्डात?"
'भरा.' रकाने हो, रकाने.
"टाकी त कालच भरली."
'साठवा' म्हटलं की त्याला लिटर दिसायचे,
मला नोंद.
'उघडा' वर ग्रामसेवकाचा भाचा खुदकन हसला,
का ते मी विचारलं नाही.
आणि चौथ्या पानावर कुणीतरी,
बहुतेक माणसानं नव्हे,
टॅपचं भाषांतर करून ठेवलं होतं:
'स्क्रीनवर नळ करा.'
शालिकनं ते दोनदा वाचलं.
"हे बराबर हाये," म्हणाला.

मी बंद खोडून थांबवा लिहिलं.
"मोटर काई बस हाये का, थांबाले?"
मग उलट केलं.
बंद मोटरीलाच देऊन टाकला,
तिच्या नावासकट, दरवेळी: मोटर बंद करा.
पडद्याला नुसतं 'मागे या'.
सोळा पानांत बंद सव्वीस वेळा होता,
पाच उरले.

दुपार कलली. कूलरमधलं पाणी संपलं,
नुसता पंखा फिरत राहिला.
एक गोष्ट मात्र माझ्या मनातून जाईना.
दाबा म्हणजे आत्ता, या क्षणी.
दाबावे म्हणजे तहसीलदार.
पण शालिक त्याच्या हाताखालच्या पोराला सांगतो,
"हिरवा दिसला का मंग दाबजो,"
त्या जो मध्ये
वेळ येईपर्यंतचा धीर आहे,
आणि तू करशीलच असा भरवसा.
मी ते लिहून पाहिलं. सोळाही पानं.
मग खोडलं, कारण पुस्तिका
आठ तालुक्यांत जाणार होती,
त्यातले तीन घाटापलीकडचे.
खोडताना पेन्सिल वापरली.

कंपनीला फोन केला:
पुस्तिकेत बदललं, आता बटणावरही बदला.
तिकडचा मुलगा समजूतदार होता.
म्हणाला, पुढच्या आवृत्तीत नक्की.
पुढची कधी, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

तोवर बटणावर बंदच राहणार,
आणि कागदावर माझं 'मागे या'.

शालिकनं माझ्या हातातून पान ओढलं,
माझ्या नीट केलेल्या ओळींखाली
बॉलपेननं, वाकड्या अक्षरात लिहिलं:
चुकून दाबल्या गेलं त घाबरजो नोको,
मले फोन करजो.
खाली नंबर.

मी त्यातलं काहीच दुरुस्त केलं नाही.
शेवटचा आकडा एक आहे की नऊ,
तेवढं विचारून घेतलं.